‘जेवलीस का?’ याच्या पुढचा प्रश्न

 

मी बचत गटांची समन्वयक. एरवी माझं बोलणं म्हणजे हप्ता, व्याज, बँकेची फाईल आणि वहीतली खाडाखोड. आज मात्र मला बोलायचंय कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या पोरापोरींच्या मनाबद्दल. तुम्ही म्हणाल, हिनं हा विषय कुठून काढला? तर तो गटाच्या वहीतूनच निघाला.

आपल्या वहीत अंतर्गत कर्जाचं कारण लिहायचा एक रकाना असतो. बी-बियाणं, शेळी, शिक्षण, लग्न, आजारपण. आजारपण असेल तर कुणाला काय झालं ते आपण बोलून मोकळ्या होतो. डेंग्यू झाला, मुतखडा आहे, सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन. पण गेल्या काही वर्षांत मला अशी कर्जं दिसायला लागली की कारण ‘आजारपण’ लिहिलंय आणि पुढे विचारलं की बाई खाली बघते. ‘पोरीची तब्येत’, ‘पोराला जरा अशक्तपणा’, एवढंच सांगते. दोन-तीन वेळा बाजूला घेऊन विचारल्यावर कळलं, पोरगी कॉलेज सोडून घरी येऊन बसली आहे, रात्ररात्र झोपत नाही, बोलत नाही. आईला खर्च करायचाय, कुठंतरी दाखवायचंय. पण दहा बायांपुढं ‘मनाचा त्रास’ हे दोन शब्द तिच्या तोंडून निघत नाहीत.

हे दोन शब्द आपल्या तोंडून निघावेत, म्हणून आजचं हे बोलणं.

आधी आपली मुलं कुठल्या परिस्थितीत शिकतात ते बघू. आपल्यातल्या कितीतरी घरांत कॉलेजात गेलेली ही पहिलीच पिढी. कुणी जिल्ह्याच्या गावाला बीएस्सीला, कुणी इंजिनिअरिंगला, कुणी लातूरला नीटच्या क्लासला, कुणी पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या तयारीला. गावच्या शाळेत पहिला नंबर असायचा. फ्लेक्सवर फोटो लागला होता. तिकडं गेल्यावर वर्गात सगळेच पहिल्या नंबरचे. पुस्तक इंग्रजीत, सर शिकवतात इंग्रजीत, आणि शंका विचारायला उभं राहावं तर आपल्या बोलण्याला मागच्या बाकावर कुणीतरी हसतं. कधी आडनाव विचारून जात काढली जाते. खोलीत चार मुली, चौघींच्या घरची परिस्थिती चार तऱ्हेची. कुणी मैत्रीण बाहेर खायला चल म्हणते, तर आपली पोरगी पोट दुखतंय म्हणून खोलीतच थांबते, कारण पैसे नाहीत. पैसे वाचवायला मेसचा डबा एक वेळचाच लावलेला असतो, तेही घरी माहीत नसतं. त्यात एखादा विषय राहिला, कुणाशी मन जुळलं आणि ते तुटलं, घरी बापाचं पीक गेल्याचं कळलं, की ओझं फार होतं.

आणि घरी सांगायचं कसं? तिला माहीत आहे, फी भरायला आईनं गटातून कर्ज काढलंय, बापानं सोसायटीचं थकवलंय. म्हणून ती फोनवर म्हणते, ‘मी बरी आहे.’

आता आपले फोन आठवून बघा. जेवलीस का? पैसे पोचले का? अभ्यास कर हं. या तीन वाक्यांत आपला जीव असतो, ते खरंच आहे. पण या तिन्हींची उत्तरं ‘हो’ अशी देता येतात. मनात काय चाललंय ते सांगायला त्यात जागाच राहत नाही. आणि चौथं वाक्य कधीकधी आपणच घालतो, ‘आमचं सगळं तुझ्यावरच आहे बघ.’ आपण मायेनं म्हणतो, तिला ते दगडासारखं लागतं.

हा त्रास किती मोठा आहे, त्याचे सरकारी आकडे आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १३ हजार ४४ विद्यार्थ्यांनी स्वतःचा जीव संपवला. त्यात सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रातले होते, १ हजार ७६४. हे आकडे भीती घालायला सांगत नाही. ही मुलं आळशी नव्हती, लाडावलेली नव्हती. त्यातल्या कितीतरी जणांपर्यंत वेळेत मदत पोचली असती तर ती आज असती, म्हणून सांगते. अभ्यासक असंही सांगतात की मनाचे जे आजार माणसाला होतात, त्यातल्या चारातल्या तिनांची सुरुवात वयाच्या चोविशीच्या आत होते. म्हणजे नेमकं कॉलेजचं वय. जसं बाळाच्या पहिल्या दोन वर्षांत आपण लसीकडं डोळ्यात तेल घालून बघतो, तसं या वयात मनाकडं बघायला हवं.

मग ओळखायचं कसं? दुःख तर सगळ्यांनाच होतं. परीक्षेआधी पोटात गोळा येतो, मैत्रिणीशी भांडण झालं की रडू येतं. ते चार दिवसांत ओसरतं. पण दोन आठवडे उलटले तरी मन उतरलेलंच आहे, आवडत्या गोष्टीतही लक्ष लागत नाही, झोप उडाली आहे किंवा दिवसभर झोपूनच आहे, जेवण तुटलंय, अंघोळीचाही कंटाळा, फोन उचलणं बंद, वर्गात जाणं बंद, सारखी डोकेदुखी-पोटदुखी आणि तपासण्यांत काही निघत नाही, चिडचिड फार वाढली आहे, तर ते साधं टेन्शन समजून सोडू नका. मुलगे पुष्कळदा रडत नाहीत. ते चिडतात, गप्प होतात, दारूकडं नाहीतर मोबाईलवरच्या जुगाराकडं वळतात. तेही लक्षणच असू शकतं.

आणि काही वाक्यं अशी आहेत की ती ऐकली तर हातातलं काम टाकून थांबायचं. ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास.’ ‘मी नसते तर बरं झालं असतं.’ ‘आता कशात अर्थ नाही.’ आपल्या आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखं बोलणं. अशा वेळी सरळ विचारायचं, ‘बाळा, जीव द्यावासा वाटतो का तुला?’ पुष्कळ बायांना वाटतं की असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येईल. तसं होत नाही. मनाच्या डॉक्टरांचा अनुभव आणि अभ्यास दोन्ही हेच सांगतात की विचारल्यानं विचार पेरला जात नाही, उलट सांगायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर ओरडायचं नाही, शपथा घालायच्या नाहीत. तिला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी मदत गाठायची. आपल्या घरांत फवारणीची औषधं असतात. ती कुलपात ठेवायची, किल्ली मोठ्या माणसाकडं. ही सवय तर प्रत्येक शेतकरी घरात बाराही महिने असावी.

आता समुपदेशन म्हणजे काय, ते सांगते. कारण बायांच्या डोक्यात एकतर शॉक देणारा दवाखाना असतो, नाहीतर ‘नुसत्या बोलण्याचे काय पैसे द्यायचे’ असं असतं.

दोन तऱ्हेची माणसं असतात. एक मानसोपचारतज्ज्ञ. ते डॉक्टरच असतात, एमबीबीएस होऊन पुढं मनाच्या आजारांचं शिकलेले. गरज असेल तर ते गोळ्या देतात. दुसरे मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक. ते गोळ्या देत नाहीत. ते बोलण्यातून उपचार करतात. आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी एक भेट, साधारण पाऊण ते एक तास. पहिल्या भेटीत नुसतं ऐकून घेतात. मग पोरीच्या मनात सारखा फिरणारा विचार कुठला, तो आला की शरीरात काय होतं, मग ती काय करते, याची गाठ हळूहळू सोडवतात. समजा तिचा विचार आहे, ‘एक विषय राहिला, म्हणजे मी कशाच्याच लायकीची नाही.’ समुपदेशक तिला उपदेश करत नाहीत. प्रश्न विचारत विचारत तिलाच ते तपासून बघायला लावतात. मग घरी करायला छोटं काम देतात. रोज ठरल्या वेळी उठायचं, वीस मिनिटं चालायचं, एका मैत्रिणीला फोन करायचा, आणि त्यानं कसं वाटलं ते वहीत लिहायचं. ऐकायला साधं वाटतं. पण अंगात त्राण नसलेल्या माणसाला एकेक पायरी करून उभं करायची ती रीत आहे.

गोळ्या लागल्या तर त्यांचंही सांगते. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला बहुतेकदा दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून बंद करायच्या नाहीत, आणि बरं वाटलं म्हणूनही आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी करायच्या.

आणखी एक गोष्ट आयांना जड जाते. समुपदेशक पोरीनं काय सांगितलं ते आपल्याला सांगत नाहीत. जिवाला धोका असेल तर मात्र सांगतात. आपण बाहेर बाकड्यावर बसलेल्या, ती आत तासभर बोलतेय, आणि आपल्याला कळत नाही काय बोलतेय. राग येतो. पण ते तिथंच राहणार म्हणून तर ती बोलते. घरी येताना एसटीत ‘काय विचारलं गं?’ असं खोदायचं नाही. ‘भूक लागली का?’ एवढं विचारलं तरी पुरे.

माझ्या माहितीतली एक गोष्ट सांगते. त्या ताईंना विचारून सांगते आहे, आणि ओळख पटू नये म्हणून गाव, कॉलेज काहीच सांगत नाही. त्यांची मुलगी दिवाळीला घरी आली ती परत जाईना. आधी घरच्यांनी रागावून बघितलं. मग आजीच्या म्हणण्यानं देवऋषीकडं नेलं, दोरा बांधला. मग भावकीतून सल्ला आला, शिक्षण पुरे, स्थळ बघा, लग्न झालं की ठीक होईल. स्थळ बघायला सुरुवातही झाली. त्या ताईंच्या मनाला ते पटेना. त्यांनी गटात दोन हजारांचं कर्ज मागितलं आणि कारण विचारल्यावर, पहिल्यांदाच, सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘पोरीच्या मनाला त्रास आहे, जिल्ह्याला दाखवायचंय.’

मिनिटभर कुणी काही बोललं नाही. मग गटातली एक वयस्क बाई म्हणाली, ‘माझ्या धाकट्या दिराचं असंच होतं. आम्ही कुणाला सांगितलं नाही.’ पुढं ती काही बोलली नाही, आणि तिला कुणी विचारलंही नाही. कर्ज मंजूर झालं. एका बाईनं दर खेपेला सोबत जायचं कबूल केलं, कारण त्या ताईंना जिल्ह्याच्या दवाखान्यातलं काही माहीत नव्हतं.

पुढं काय झालं तेही जसंच्या तसं सांगते. एका भेटीत पोरगी हसायला लागली नाही. दुसऱ्या भेटीला जायला तिनं नकार दिला, तिसऱ्या वेळी गेली. गोळ्या सुरू झाल्या, झोप लागायला लागली. चार-पाच महिन्यांनी ती कॉलेजला परत गेली. वर्ष वाया गेलं, दोन विषय राहिले. आजही तिचे काही दिवस वाईट जातात, तेव्हा ती स्वतःच आईला फोन करून सांगते, ‘आज बरं वाटत नाही, मनानं.’ आईच्या दृष्टीनं हीच मोठी कमाई. लग्नाचा विषय मुलगी काढेल तेव्हा, असं त्यांनी घरात ठरवून टाकलंय.

देवावर श्रद्धा असेल तर जरूर ठेवा. नवस बोला, दर्शनाला जा. पण दवाखान्याची तारीख चुकवू नका. आणि लग्न हे औषध नाही. आजारी मुलीला अनोळखी घरात धाडलं तर तिचा त्रास वाढतो, आणि दोन घरं दुःखात पडतात.

आता मदत कुठं मिळते, ते लिहून घ्या. पेन नसेल तर कोळशानं भिंतीवर लिहा.

पहिलं, फोन नंबर १४४१६. एक, चार, चार, एक, सहा. याचं नाव टेलिमानस. १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, केंद्र सरकारनं हा सुरू केला. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं. पोरं बोलू शकतात, तसंच पोराची काळजी वाटणारी आईसुद्धा बोलू शकते. ‘माझा मुलगा असा वागतोय, मी काय करू?’ एवढं विचारायलाही फोन करता येतो. जिवावरचा प्रसंग असेल तर मात्र ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८.

दुसरं, जिल्हा रुग्णालय. तिथं मानसोपचार विभाग असतो, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं असतात. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत केलेले आहेत. जाण्याआधी आशाताईंकडून ओपीडीचे वार विचारून घ्या, म्हणजे खेप वाया जात नाही.

तिसरं, कॉलेज. हे आपल्याला ठाऊकच नसतं. विशाखापट्टणमला हॉस्टेलमध्ये राहून नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीचा मृत्यू झाला. तिचे वडील सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या प्रकरणात जुलै २०२५ मध्ये न्यायालयानं देशभरासाठी सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. कॉलेजं, कोचिंग क्लास, हॉस्टेल, सगळ्यांना ते लागू आहे. मदतीचे फोन नंबरही हॉस्टेलात आणि वर्गांत दिसतील असे लावायचे आहेत. म्हणून ॲडमिशनला जाल तेव्हा फी आणि बसचा पास विचारता, त्याच खिडकीवर हेही विचारा, ‘तुमच्याकडे समुपदेशक कोण आहेत? कुठल्या दिवशी भेटतात?’ त्यांना नाव सांगता आलं नाही, तर ग्रामसंघाच्या लेटरपॅडवर प्राचार्यांना पत्र द्या. पत्र लिहायला मी मदत करीन.

कायद्याचीही एक गोष्ट माहीत असू द्या. कुणी जीव द्यायचा प्रयत्न केला तर पोलीस केस होईल या भीतीनं घरचे लोक लपवतात आणि दवाखान्यात न्यायला उशीर करतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असं मानलंय की तो माणूस तीव्र ताणाखाली होता. त्याला शिक्षा करायची नाही, उलट त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे. म्हणून क्षणभरही न थांबता दवाखाना गाठा.

आपण बाया यात काय करू शकतो, असं कुणाला वाटेल. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात काही वर्षांपूर्वी ‘आत्मीयता’ नावाचा प्रकल्प झाला. त्यात गावातल्याच माणसांना, बचत गटातल्या बायांनाही, शिकवलं होतं की दुःखी माणूस ओळखायचा कसा, त्याचं ऐकायचं कसं, आणि पुढं दवाखान्यात पोचवायचं कसं. पुढं तेच काम गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात गेलं. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेनं, डॉक्टर नसलेल्या पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक माणसांकडून आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांना समुपदेशन दिलं, आणि त्याचा गुण आल्याचं अभ्यासात दिसलं. म्हणजे चांगलं ऐकणं शिकता येतं.

ऐकायचं कसं? पोरगी म्हणाली, ‘मला इथं जमत नाही,’ तर लगेच ‘असं कसं जमत नाही, अमक्याचा पोरगा बघ’ म्हणायचं नाही. ‘आमच्या वेळी किती हाल होते’ हेही नको. ‘काय जमत नाही, सांग बरं’ म्हणायचं आणि गप्प बसायचं. फोनवर शांतता झाली तरी होऊ द्यायची. मग म्हणायचं, ‘तू सांगितलंस, बरं केलंस. आपण मिळून बघू.’ विषय राहिला तरी घराचं दार उघडं आहे, हे तिला शब्दांत सांगायचं. आपल्याला वाटतं की तिला माहीतच आहे. तिला माहीत नसतं.

आणि गटासाठी माझं मागणं तीन गोष्टींचं. पुढच्या मीटिंगमध्ये असा ठराव करा की मनाच्या आजारासाठी मागितलेलं कर्ज इतर आजारपणासारखंच, तातडीनं द्यायचं. दवाखान्यात सोबत जायला दोन बायांची नावं ठरवा. आणि मीटिंगमध्ये जे बोललं जाईल ते गावात न्यायचं नाही, अशी सगळ्यांनी कबुली द्या. यातली तिसरी सगळ्यात अवघड, आणि ती पाळली नाही तर पहिल्या दोन कागदावरच राहतील.

आज रात्री पोरीला, पोराला फोन लावाल. जेवलास का, जेवलीस का, हे विचाराच. ते सुटायचं नाही, आणि सोडूही नका. त्याच्या पुढं एवढं विचारा, ‘आज मन कसं आहे?’ पहिल्या दिवशी पोरगं हसेल, म्हणेल, आई, तुला काय झालं? हसू द्या. आठ दिवसांनी परत विचारा. नंबर लक्षात ठेवा, एक, चार, चार, एक, सहा.